स्वॅप केलेली निसान वन टन घाटात तापते, रेडिएटर अजून मोठा करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या दादांनी आर्मीच्या लिलावातला जुना निसान वन टन ट्रक घेतला, त्याचं मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढलं आणि टाटा ४०७ चं टर्बो इंटरकूलरवालं (इंटरकूलर म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) ४९७ नावाचं डिझेल इंजिन बसवून घेतलं, म्हणजे स्वॅप केलं. गाडी देवरूखकडे बागेवर असते. मे महिन्यात हापूसच्या पेट्या भरून साखरप्यावरून आंबा घाट चढायला लागली की अर्ध्या घाटात तापमानाचा काटा १०५ च्या वर जातो. रेडिएटर दोनदा बदलून झाला, तीन लाईनचा चार लाईन केला (लाईन म्हणजे नळ्यांची एकामागची रांग), थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून दिला, तरी तेच. आता कोणीतरी पाच लाईनचा ॲल्युमिनियम बनवून घ्यायला सांगितलंय, तर बनवू का.

नका बनवू. निदान आत्ता तरी नको.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली सव्वीस वर्षं हेच करतोय, जुन्या गाड्यांत दुसरी इंजिनं बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेली निस्तरणं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच काम जास्त असतं. स्वॅप केलेली गाडी गरम होते म्हटलं की सगळे आधी रेडिएटरकडे धावतात, पण जरा हिशोब करून बघा. तुमचं मूळ निसानचं पेट्रोल इंजिन ३९५६ सीसीचं, साधारण ११० हॉर्सपॉवरचं. पेट्रोल इंजिन जेवढी ताकद चाकाला देतं जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्तच उष्णता पाण्यात टाकतं. ४९७ आहे २९५६ सीसीचं, शिवाय डिझेल, म्हणजे जळालेल्या तेलातला मोठा हिस्सा कामाला लागतो आणि पाण्यात जाणारी उष्णता तुलनेनं कमी. म्हणजे जबलपूरच्या आर्मीच्या कारखान्यातून जो रेडिएटर लागून आला होता, तो राजस्थानच्या वाळवंटात पेट्रोल इंजिन थंड ठेवण्यासाठी होता, तो साफ असेल तर तुमच्या डिझेलला कागदावर तरी पुरून उरायला पाहिजे. मग तो पुरत नाही, चार लाईनचा पण पुरत नाही, याचा अर्थ रेडिएटर छोटा नाही, रेडिएटरमधून हवाच जात नाही.

आता का जात नाही ते सांगतो, आणि हे मी गाडी न बघता सांगतोय पण बहुतेक बरोबर निघेल. मूळ इंजिन सहा सिलिंडर एका रांगेत, लांबलचक, त्याचा फॅन रेडिएटरच्या अगदी तोंडाशी. ४९७ चार सिलिंडरचं, आखूड. बसवताना मिस्त्री काय करतो, मागचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) जिथं आहेत तिथंच ठेवतो कारण ते हलवले तर दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट कापायला लागतात, मग इंजिन मागं सरकतं आणि पुढं फॅन आणि रेडिएटर यांच्यात वीतभर जागा मोकळी राहते. रेडिएटर मूळच्या जागीच. फॅनभोवतीचा पत्रा, म्हणजे श्राऊड, तो जुन्या फॅनच्या मापाचा म्हणून काढून टाकलेला असतो. झालं. आता फॅन फिरतोय जोरात, आवाज पण मस्त येतोय, पण तो रेडिएटरमधून हवा ओढतच नाही, बाजूची बोनेटखालचीच गरम हवा घेतो आणि मागं फेकतो, तीच फिरून परत पुढं येते. हवा शहाणी असते, तिला जाळीतून घुसायचं जिवावर येतं, बाजूनं मोकळी वाट दिली की ती तिकडूनच जाणार.

तर पहिलं काम, बोनेट उघडा आणि मोजपट्टी लावा. फॅनच्या पात्यापासून रेडिएटरच्या कोअरपर्यंत, म्हणजे जाळीपर्यंत, किती अंतर आहे ते बघा. मग इंजिन चालू करून ग्रीलवर वर्तमानपत्राचं एक पान धरून सोडा, आयडलला पान चिकटून राहिलं पाहिजे, आणि फक्त मधेच नाही, चारी कोपऱ्यांना पण लावून बघा. कोपऱ्यात पान खाली पडत असेल तर तुमचा अर्धा रेडिएटर बिनकामाचा आहे, पाच लाईनचा केला तरी तेवढाच बिनकामाचा राहील. उलट लाईनी वाढवल्या की हवेला आत शिरणं अजून अवघड होतं, आणि मागच्या लाईनींना पुढच्या लाईनींनी गरम केलेली हवा मिळते. तीनच्या चार केल्यावर फरक पडला नाही म्हणता ना, त्याचं कारण हेच असणार.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची जोंगा, म्हणजे निसानचीच आर्मीवाली जीप, होती, तिच्यात पण असंच आखूड डिझेल बसवलेलं, मीच बसवलेलं. पन्हाळा चढली की उकळायची. मी तिचा रेडिएटर एकदा साफ केला, एकदा कोअर बदलला, एकदा नवीन बनवला, वॉटर पंप नवा टाकला, तीन महिने गिऱ्हाईक हेलपाटे घालत होता आणि मी त्याला सांगत होतो, अहो गाडी जुनी आहे, घाटात एवढं चालायचंच. शेवटी एका पत्रेवाल्यानं, तो दुसऱ्याच कामाला आला होता, बोनेटमधे डोकावून विचारलं, हा फॅन कुणाला वारा घालतोय? त्याच दुपारी त्याच्याकडून पत्र्याचं नळकांडं वाकवून घेतलं, रेडिएटरवर बसवलं, संध्याकाळी पन्हाळा चढवली, काटा ९० ला. रेडिएटरच्या तिन्ही कामांचे पैसे मी मागितले नाहीत, मागायला तोंड नव्हतं.

श्राऊड कसा करायचा ते नीट सांगतो कारण यातच सगळं आहे. रेडिएटरच्या बाजूला तो पूर्ण कोअर झाकेल असा चौकोनी डबा, आणि फॅनच्या बाजूला गोल तोंड. फॅन ओढणारा आहे, त्यामुळं पातं साधारण अर्धं तोंडाच्या आत आणि अर्धं बाहेर असावं. पूर्ण आत घातलं तर हवा मागं पसरायला जागा मिळत नाही, पूर्ण बाहेर ठेवलं तर परत बाजूनं हवा ओढतं. पात्याचं टोक आणि पत्रा यात पाऊण ते एक इंच जागा सोडा, कारखान्याच्या गाड्यांना याहून कमी असते पण आपली गाडी चेसी पिळणारी, इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, खड्ड्यात दणका बसला की पातं पत्र्याला लागतं आणि मग पत्रा, फॅन, रेडिएटर तिघांचं एकदमच वाटोळं होतं. श्राऊड रेडिएटरला पक्का, इंजिनला नाही. तुमच्याकडे अंतर वीतभर असेल तर डबा तेवढा खोल होईल, होऊ दे, खोल असलेला चांगलाच, हवा कोपऱ्यांपर्यंत पसरते.

काही लोक यावर फॅनमागं लांब स्पेसर टाकून फॅनच पुढं नेतात. इंच-दीड इंच ठीक आहे, पण पाच-सहा इंचाचा टाकू नका, सगळं ओझं वॉटर पंपच्या बेअरिंगवर लोंबतं आणि एक दिवस फॅन रेडिएटरमधे घुसतो, मी घुसलेला बघितलाय. अंतर फारच असेल तर रेडिएटरच मागं सरकवा, नवीन ब्रॅकेट करा, पुढं जी जागा होईल तिथं इंटरकूलर आरामात बसतो.

फॅन उलटा बसलाय का ते पण बघा, हसू नका, खरंच होतं. पात्यांना बाक असतो, फॅन पालथा लावला तरी हवा त्याच दिशेनं जाते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण निम्मी सुद्धा ओढत नाही.

इंटरकूलरचा विषय निघालाच आहे तर तो कुठं लावलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जागा नसते म्हणून सगळेजण रेडिएटरला चिकटवूनच लावतात. म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते, आणि दोघांच्या मधल्या फटीतून निम्मी हवा बाजूला पळून जाते. पुढं लावायचाच असेल तर दोघांच्या कडा पट्टीनं बंद करा. तसंच रेडिएटर आणि त्याची चौकट यांच्यातल्या फटी, खालची, वरची, बाजूच्या, सगळ्या बंद पाहिजेत. जुन्या ट्यूबचं रबर कापून पट्ट्या मारा, खर्च शून्य. या फटीतून गरम हवा मागून पुढं येते आणि परत रेडिएटरमधे घुसते, गाडी सिग्नलला उभी असताना जास्तच. आणि ग्रीलसमोर काय काय टांगलंय ते बघा एकदा. विंच, चार स्पॉटलाईट, जेरीकॅन, क्लबचा बोर्ड. हौस मला पण आहे, पण मे महिन्यात आंबा घाटात बोर्ड काढून ठेवा.

हवा आत गेली तशी बाहेर पण जायला पाहिजे. खाली इंजिनला मोठी पत्र्याची स्किड प्लेट मारली असेल तर हवा कोंडते. बोनेटचा मागचा भाग वॉशर टाकून उचलायची एक पद्धत आहे, जीपवाले फार करतात, हळू चालताना थोडा उपयोग होतो पण वेगात काचेच्या खालच्या भागात हवेचा दाब असतो त्यामुळं हवा बाहेर यायच्या ऐवजी आत जाते. झरोके पाडायचेच असतील तर बोनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागं पाडा.

आता पाण्याची बाजू, ती दुय्यम म्हणतोय म्हणजे सोडून द्या असं नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. आजच. आपल्याकडे गाडी गरम झाली की पहिला बळी त्याचाच जातो, आणि लोक सांगतात की पाणी फार जोरात पळालं की रेडिएटरमधे थंड व्हायला वेळ मिळत नाही, ते काही खरं नाही, पाणी जोरात पळालेलं चांगलंच. खरी गोष्ट अशी की बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली एक दुसरी चकती असते, तो उघडला की ती चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं, भोक बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा, मग पंपाचं बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनातच गोल फिरतं. म्हणजे तुम्ही रेडिएटर मोठा केला आणि त्याच वेळी त्याच्याकडे जाणारं पाणी कमी केलं. नवीन थर्मोस्टॅट आणलात की आधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर घालून बघा, ८०-८५ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे, नवीन असून न उघडणारे पण निघतात.

दुसरं म्हणजे हवेचा फुगा. स्वॅपमधे हे हमखास होतं कारण इंजिन वर बसतं आणि रेडिएटरचं झाकण इंजिनाच्या हेडपेक्षा खाली राहतं. मग तुम्ही काठोकाठ पाणी भरता, रेडिएटर भरलेला दिसतो आणि हेडमधे वर हवा अडकलेली. तिथं वाफ होते, काटा एकदम उडी मारतो, मग खाली येतो, परत उडी मारतो. काटा असा नाचत असेल तर हेच कारण बहुतेक. उपाय म्हणजे एक छोटी पाण्याची टाकी सगळ्यात उंच जागी, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यावर) लावा, दाबाचं झाकण त्या टाकीवर, हेडच्या सगळ्यात वरच्या ठिकाणाहून आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीतून एकेक बारीक पाईप तिच्यात, आणि तिच्या तळातून एक जाड पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला. हे केलं की हवा आपोआप निघून जाते. तोपर्यंत पाणी भरताना गाडीचं नाक चढावर करून भरा.

खालचा होज पाईप बघा, पंप त्याच्यातून पाणी ओढतो, मऊ पडला असेल किंवा आत स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो. उभ्या गाडीत दिसत नाही, कुणालातरी रेस करायला लावा आणि टॉर्च मारून बघा.

झाकणाचं सांगतो. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० ला उकळतं, पण ०.९ बारच्या झाकणाखाली ते जवळपास ११८ ला जाऊन उकळतं, कूलंट असेल तर आणखी वर. म्हणजे १०० ला काटा गेला की घाबरून गाडी बंद करायचं काही कारण नाही, पण झाकणाचं रबर वाळलेलं असेल तर हा सगळा फायदा गेला. आणि एक सावधगिरी, जुना पितळी टाकीचा रेडिएटर असेल तर त्याला एकदम जास्त दाबाचं झाकण लावू नका, तो कमी दाबासाठी झाळलेला असतो, वरच्या टाकीचा जोड उसवतो. ०.५ बारच्या झाकणात सुद्धा १११ पर्यंत मिळतं, पुरे आहे.

पाणी बोअरचं घालत असाल तर थांबा. पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत पण बसतो आणि ब्लॉकच्या आतल्या भिंतींना पण, रेडिएटर बदलता येतो, ब्लॉक नाही. तुमचं ४९७ भंगारातून आलं असणार, आधीच्या मालकानं आयुष्यभर ओढ्याचं पाणी घातलेलं असू शकतं, तर ब्लॉकच्या बाजूच्या बुच्च्या काढून आत किती गाळ आहे ते बघा, एकदा आम्ही चहाच्या कपभर गंज काढलाय. कूलंट आपल्याकडे अर्धं अर्धं घालायची गरज नाही, इथं काय बर्फ पडत नाही, एक भाग कूलंट दोन भाग डिस्टिल्ड वॉटर बास, साधं पाणीच उष्णता जास्त वाहून नेतं, कूलंट आपल्याला मुख्यतः गंजासाठी पाहिजे. पितळी रेडिएटरला जुन्या पद्धतीचं हिरवंच घाला आणि दोन रंग मिसळू नका.

आता जरा अवघड विषय. इंजिनाचा डिझेल पंप लावणाऱ्याकडून डिझेल वाढवून घेतलंय का? खरं सांगा. घाट चढताना मागं काळा धूर सोडत असेल तर ती ताकद नाही, ते न जळालेलं तेल आणि तापलेला एक्झॉस्ट आहे, ती उष्णता हेडमधून पाण्यातच येणार. रेडिएटर कितीही मोठा केला तरी त्याला पुरणार नाही. डिझेल पंप परत कंपनीच्या मापावर लावून घ्या आणि डिझेल सुटायचं टायमिंग पण तपासा, मागं पडलेलं टायमिंग गाडी तापवतं. चालवायची पद्धत पण बदलायला लागेल, निसानचे गिअर आणि ॲक्सल त्या पेट्रोल इंजिनाच्या हिशोबाचे, डिझेलला वरचा गिअर चालतो म्हणून तुम्ही १४०० आरपीएमवर ओढत नेत असाल तर फॅन आणि वॉटर पंप दोन्ही रेंगाळतात आणि लोड मात्र पूर्ण. एक गिअर खाली, २००० ते २४००, वेग कमी झाला तरी चालेल, पेट्या काय पळून जात नाहीत.

हे सगळं करण्याच्या आधी, म्हणजे खरं तर हे मी पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं, काटा खरं बोलतोय का ते बघा. मीटर निसानचा आणि सेन्सर ४०७ चा असेल तर दोघांची जोडी जुळत नाही, ९० ला १०५ दाखवू शकतो किंवा उलट. सेन्सर काढा, वायर जोडलेली ठेवा, बॉडीला अर्थ द्या आणि उकळत्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरा. नाहीतर ती बंदुकीसारखी लेझरची इन्फ्रारेड गन मिळते ती घ्या, फक्त चकचकीत धातूवर ती चुकीचं दाखवते, जिथं मोजायचं तिथं काळी चिकटपट्टी लावा.

त्याच गननं रेडिएटरचा वरचा आणि खालचा पाईप मोजा, गाडी तापलेली असताना. फरक ६ ते १० डिग्री असेल तर साधारण ठीक. दोन-तीनच असेल तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाही, म्हणजे मी वर सांगितलेलं फॅनचं प्रकरण. वीसच्या वर असेल तर हवा लागतेय पण पाणीच हळू येतंय, मग थर्मोस्टॅट, पंप, चोकअप यांच्या मागं लागा. आणि रेडिएटरच्या जाळीवर पण गन फिरवा, मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

हेड गास्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका शेवटी घ्या, पण घ्या. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर एका मिनिटात वरचा होज पाईप दगडासारखा कडक झाला तर ते पाण्याचं प्रेशर नाही, कंप्रेशन पाण्यात येतंय. मग वरचं सगळं सोडा आणि आधी हेड उघडा.

गरम असताना झाकण उघडू नका आणि थंड पाणी ओतू नका हे तुम्हाला माहीत असणारच. फक्त काटा वर गेला म्हणून टर्बोची गाडी लगेच बंद करू नका, कडेला घ्या, न्यूट्रलमधे १२००-१५०० वर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद केली की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता जागच्या जागी बसते. होज फुटला असेल, पाणी गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद.

आणि आरसीवर इंजिन आणि पेट्रोलचं डिझेल झाल्याची नोंद आरटीओकडून करून घेतली आहे ना? नसेल तर घाटात गाडी बंद पडण्यापेक्षा ते जास्त महाग पडेल.

या आठवड्यात एवढंच करा, फॅन ते कोअर अंतर, पेपरचा प्रयोग, दोन पाईपांचं टेंपरेचर, आणि इंटरकूलर कुठं आहे त्याचा फोटो. हे चार इथं टाका, मग श्राऊडचं माप काढून देतो, पत्रा २० गेजचा घ्या म्हणजे वाकवायला पण सोपा आणि थरथरत पण नाही.